न उघडलेलं झाकण

बँकेत असताना महिनाअखेरीला खतावणी जुळली नाही, की आमचे एक जुने हेडक्लार्क घाम पुसत बसलेल्या पोरांना आधी एकच प्रश्न विचारायचे, "फरक केवढ्याचा?" फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असण्याचा संभव. तसं नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा; ती नावेऐवजी जमेला पडलेली असेल. एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तरच व्हाउचरांचे गठ्ठे सोडायचे. आधी सोपी चूक, मग अवघड. आधी आपली, मग दुसऱ्याची. संगणक यायच्या आधीचे हे दिवस. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहायला ही विद्या काही कामाची नव्हती. (कादंबरीत फरक जुळवून टाकला तर वाचक रागावतो.) तिचा उपयोग झाला तो गेल्या पावसाळ्यात, गोंडपिपरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, एका साबणाच्या डबीपुढे मी गुडघे टेकून बसलो होतो तेव्हा.

ही डबी भांडी धुण्याच्या यंत्रातली. असलं यंत्र गोंडपिपरीत कशाला, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. आमच्या आळीलाही तेच वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी आमची ही मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पकड काही पूर्वीसारखी आली नाही. चहाचा कप उचलता येतो, लोखंडी कढई येत नाही. मुलगा पुण्याला असतो. २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बायका यायच्या थांबल्या आणि शहरांतून या यंत्राला एकाएकी मागणी आली, तेव्हा त्याच्या घरीही एक आलं होतं. आईचं मनगट पाहून गेल्यावर त्यानं दुसरं आमच्याकडे धाडलं. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत टेम्पो आला आणि "भांडे घासाची मशीन आली म्हणते" असं म्हणत शेजारच्या चार बायका पाहून गेल्या. त्यांच्यातली एक जण तर यंत्र चालू असताना पूर्ण तासभर समोर बसून होती. आत काहीच दिसत नाही म्हणून निराश होऊन उठली.

हा धानाचा मुलूख. एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला वैनगंगा. पुढे त्या दोघी मिळून प्राणहिता होतात. इथे दोन्ही वेळा भात, आणि भाताच्या गंजाला चिकटलेली पेज वाळली की ती काय चीज असते ते घासणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या लहानपणी चुलीतली राख आणि तणसाचा बोळा यांवर सगळं निभायचं. राखेत क्षार असतो आणि तो तेलकटपणा काढतो, हे रसायनशास्त्र कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. यंत्राच्या भुकटीतही मुख्य कारभार क्षाराचाच. जोडीला भाताचं पिष्ट आणि डाळीची प्रथिनं तोडणारी विकरं. म्हणजे ही राखेचीच नात, जरा शिकलेली. तिनं आठ महिने चोख काम केलं.

मग जुलैतल्या एका सकाळी भांडी बाहेर काढली तर ती गरम होती, ओली होती आणि खरकटी होती. गंजाच्या कडेला भाताचा पापुद्रा जसाच्या तसा. दार उघडून पाहिलं तर साबणाच्या डबीचं झाकण बंद आणि आत भुकटी. यंत्रानं दीड तास नुसतं पाणी मारलं होतं.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यंत्राच्या दाराला आतल्या अंगानं तळहाताएवढी डबी असते. तिच्यात भुकटी किंवा वडी घालून झाकण दाबून बसवायचं. यंत्र पुष्कळदा आधी नुसत्या पाण्यानं भांडी खंगाळतं, ते पाणी फेकून देतं, मग धुण्याचं पाणी घेतं आणि त्या वेळी झाकण आपोआप उघडतं. स्प्रिंग ते उघडायला टपलेलीच असते. एका खिटीनं ते अडवून धरलेलं असतं. खिटी सोडवणारा गडी काही यंत्रांत विद्युतचुंबक असतो आणि काहींत चक्क मेण. एका चिमुकल्या नळीत मेण भरलेलं असतं, वेळ झाली की विजेनं ते तापतं, वितळून फुगतं आणि एक दांडी पुढे ढकलतं. दांडी खिटीला ढोसते, झाकण उघडतं. एवढ्या मोठ्या धुडाचं सगळं इमान असं चिमूटभर मेणावर अवलंबून असावं याची मला मोठी गंमत वाटली. पण हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मी आपल्या पिढीला शोभेलसं केलं. कंपनीला फोन लावला.

फोनवरची मुलगी अदबीनं बोलली. तक्रारीचा क्रमांक मिळाला. मेकॅनिक चंद्रपूरला, 'तुमच्या साइडला' यायला त्याला आठ ते दहा दिवस. तोवर काय करू, असं विचारल्यावर ती म्हणाली, "सर, आपण मशीन वापरू नका." कंपनीचं नाव मी लिहीत नाही, इतर कुणी वेगळं वागलं असतं असं मला वाटत नाही. यंत्र विकायला टेम्पो गोंडपिपरीपर्यंत येतो, पुढे आष्टी, आलापल्लीपर्यंतही जात असेल. त्या यंत्राचं ज्ञान मात्र चंद्रपूरच्या नाक्यावर थांबतं.

त्या रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. ही बेसिनशी उभी राहून डाव्या हातानं कढई घासत होती. उजवा हात कढईवर नुसता टेकवलेला. मी काही बोलण्याच्या आत म्हणाली, "झोपा तुम्ही. दोनच भांडी आहेत." दोन नव्हती. मी मोजली, अकरा होती.

इथे एक कबुली दिली पाहिजे. साठी उलटेपर्यंत मी घरची भांडी कधी घासली नव्हती. वडिलांनी घासली नाहीत, मीही नाही. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंही नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि पुरुष ९७. हे ९७ सुद्धा जे मुळात घरकाम करतात त्यांचे, आणि तसे पुरुष शंभरात साधारण २६ निघाले. मी त्या २६ मध्ये नव्हतो. यंत्र आल्यावर मात्र भांडी आत रचण्याचं खातं मी आपल्याकडे घेतलं होतं, कारण ते यंत्र होतं. बेसिनपाशी उभं राहायला ज्याला लाज वाटते, त्याला बटण दाबायला वाटत नाही. त्या रात्री कढई हिच्या हातातून घेतली. नऊ भांडी घासून होईपर्यंत माझी कंबर धरली होती.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क आठवले. फरक केवढ्याचा?

पहिला प्रश्न असा की झाकण बंद राहिलं, की झाकण उघडलं पण साबण आत राहिला? हे दोन वेगळे आजार आहेत. झाकण उघडलेलं असून भुकटीचा गोळा आतच असेल तर पाणी तिथवर पोचलेलं नाही: पाण्याचा फवारा मारणारा पंखा कशाला तरी अडकला असेल, त्याची भोकं बुजली असतील, किंवा तळाची जाळी भातानं भरली असेल. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे पांढरी पुटं चढून भोकं लहान होतात, हेही खरं. पण आमचं झाकण बंद होतं. म्हणजे हा दुसरा आजार.

मग, कार्यक्रम कुठला लावला होता? नुसतं खंगाळून ठेवण्याचा एक छोटा कार्यक्रम असतो, त्यात झाकण उघडायचंच नसतं. चुकून तो लागला आणि माणूस उगाच यंत्राला शिव्या देत बसला, असं होऊ शकतं. आम्ही तो लावला नव्हता. वीज मध्येच गेली होती का? राज्याला वीज देणारं मोठं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात असलं तरी पावसाळ्यात दिवे जातात ते जातातच. आणि अर्ध्यात गेलेली वीज परत आल्यावर काही यंत्रं उरलेलं काम पुढे चालवतात, काही गोंधळतात. त्या रात्री वीज गेली नव्हती.

मग प्लग काढला. (हे आधी करायचं. यंत्राच्या भुकटीचा क्षारही तिखट असतो, हाताला आणि विशेषतः डोळ्यांना. नातवंडं घरात असतील तर डबा उंच ठेवावा.) बोटानं खिटी दाबली. झाकण उघडलं, पण ओढून काढल्यासारखं, कुरकुरत. खालच्या कडेला रबराची पट्टी असते, तिच्यावर भुकटी दगडासारखी घट्ट झालेली. दोष माझाच. सकाळी घाई नको म्हणून मी रात्रीच भुकटी भरून ठेवत असे, आणि तीही मागच्या धुण्याची ओल डबीत असताना. जुलैतल्या हवेत मीठसुद्धा पाझरतं, तिथे क्षाराची काय कथा? शिवाय 'थोडं जास्त बरं' या न्यायानं खुणेच्या वरपर्यंत. कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन अर्धा तास ती पट्टी साफ केली, कोरडी पुसली. झाकण आता बोट लावताच उडायला लागलं. यंत्र रिकामंच चालवलं आणि दार उघडलं तर झाकण उघडं! एखादा थकलेला कर्जदार व्याजासकट पैसे भरून गेला की शाखेत जसा आनंद व्हायचा, तसा झाला.

दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी झाकण पुन्हा बंद.

आता मी मेणावर संशय घेऊ लागलो. मुलाला फोन केला, त्यानं तिकडून कसले कसले व्हिडिओ धाडले, ते पाहून दाराचे स्क्रू काढावेत इथवर मी आलो. सुदैवानं ही म्हणाली, "वॉरंटी आहे नं, स्क्रू कशाला काढता?"

आमच्याकडे वीस-बावीस वर्षांपासून कामाला येणाऱ्या एक मावशी आहेत. यंत्र आल्यावर भांड्यांचं काम सुटलं. झाडू-पोछा आणि कपडे एवढं राहिलं. त्यांचा पगार आम्ही कमी केला नाही. हे मोठेपणानं सांगत नाही, कारण कमी करावा असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता आणि तो मी बोलूनही दाखवला होता. हिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, विषय संपला. तर त्या दिवशी मावशी फरशी पुसत होत्या आणि मी यंत्रात भांडी रचत होतो. त्या पुसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "सायेब, थे परात पाहा नं. दार लावलं का थे डबीवर टेकते."

मी पाहिलं. दार उघडं असताना परात मोकळी, ऐसपैस. दार हळूहळू लावत नेलं आणि फटीतून बॅटरी मारली, तर परातीचा काठ बरोबर झाकणावर येऊन बसलेला. मेण तापत होतं, खिटी सुटत होती, स्प्रिंग जोर लावत होती, आणि बाहेरून माझी परात छातीवर बसली होती. परात काढून यंत्र चालवलं, झाकण उघडलं. परात तशीच ठेवून चालवलं, नाही उघडलं. मधले दोन दिवस ठीक का गेले? त्या दोन दिवशी पोळ्या नव्हत्या, परात निघालीच नव्हती. ९ ने भाग गेला.

मावशींनी ते यंत्र कधी चालवलं नव्हतं. पण कुठलं भांडं केवढं, कुणाचा काठ कुठवर येतो, कशावर काय ठेवलं की कलंडतं, हे वीस वर्षं हातांनी मोजलेलं. असाच एक प्रसंग नोकरीत घडला होता. एका खेड्यातल्या शाखेत पावसाळ्यात तिजोरीच्या खोलीचं दार उघडेना. आम्ही दोघं अधिकारी आपापली चावी घेऊन घामाघूम, बाहेर पगाराच्या दिवशीची गर्दी, आणि वरिष्ठ कार्यालयाला फोन करून कारागीर मागवायच्या बेतात. शिपाई म्हणाला, "साहेब, दार थोडं उचलून धरा, मग फिरवा." बिजागरीत दार उतरलं होतं. रोज ते ढकलायचा तो. चाव्या आमच्याकडे होत्या एवढंच.

नंतर मी यंत्राची पुस्तिका काढून वाचली. सूचना होती. उंच भांडी डबीच्या आड येऊ देऊ नका, असं एका पानावर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं, आणि शेजारी चित्र. चित्रात केक भाजायचा ट्रे, सपाट बशा आणि लांब दांड्याचे पेले. आमच्या घरात यातलं काहीच नाही. परात नाही, गंज नाही, तवा नाही, पितळी नाही, खोलगट वाट्या नाहीत. चित्रातल्या घरात झाकण उघडणारच.

हे यंत्र ज्या बाईच्या डोक्यातून निघालं तिची गोष्ट इथे आठवते. जोसेफिन कॉक्रेन ही अमेरिकेतल्या इलिनॉय प्रांतातली. नोकरांच्या हातून तिच्या उंची चिनी मातीच्या बशांचे टवके उडायचे, त्याला ती कंटाळली, असं सांगतात. १८८३ साली नवरा वारला, मागे कर्ज ठेवून. मग तिनं हे काम नेटानं घेतलं. तिनं पहिलं काय केलं? आपल्या घरातल्या बशा, कप, ताटल्या मोजल्या आणि प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे वळवले. २८ डिसेंबर १८८६ ला तिला पेटंट मिळालं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं चालली. गिऱ्हाइकं मात्र मिळाली ती हॉटेलं. घरांत एवढं गरम पाणीच नसायचं. मला यातलं मोजणं महत्त्वाचं वाटतं. यंत्र जन्मलं ते एका घरातल्या भांड्यांचं माप घेऊन. आमच्या घरातल्या भांड्यांचं माप कुणी घेतलं? अलीकडे काही यंत्रांवर कढईसाठी वेगळा कार्यक्रम असतो, हे मान्य. पाणी त्यात जास्त तापतं. पण कढई कुठे आणि कशी ठेवायची हे साध्या मराठीत, आपल्या भांड्यांची चित्रं काढून, एका कागदावर छापायला कितीसा खर्च येईल? विकताना जाहिरात मराठीत करता येते, तर झाकण का उघडत नाही हेही मराठीत सांगता यावं.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, ही त्यातली मोठी सोय. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही काढलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती लोकांना मोकळी करावी असा त्यामागचा हेतू. चांगलंच आहे. पण परात आडवी आली म्हणून कुणी ग्राहक आयोगात जात नाही. तो यंत्रावर कापड टाकतो, वर देवाची तसबीर किंवा लोणच्याच्या बरण्या ठेवतो, आणि घरातली बाई पुन्हा बेसिनशी उभी राहते. आपल्याकडची किती तरी यंत्रं अशी बिघडल्यावाचून मरतात. त्यांची दुरुस्ती कुणाच्या दहा मिनिटांच्या बोलण्यानं झाली असती. फोनवरच्या त्या मुलीला एवढंच शिकवलं असतं, की "सर, आत मोठं भांडं काय काय ठेवता?" असा एक प्रश्न आधी विचार, तर माझे बारा दिवस आणि हिचं मनगट, दोन्ही वाचलं असतं.

बाराव्या दिवशी मेकॅनिक आला. विशी-बाविशीचा मुलगा, मोटारसायकलवर, भिजलेला. पोहे खाल्ले, चहा घेतला, जाळी तपासली, झाकण चार वेळा उघडून पाहिलं. म्हणाला, सगळं ठीक आहे, आणि असल्या तक्रारीत बहुतेकदा भांडंच आडवं आलेलं असतं. मी म्हटलं, मग फोनवर का सांगत नाही? तो हसला. "फोनवाले तिकडे दूर बसतात, काका. त्यांना परात माहीत नसते."

तो गेल्यावर मी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: भुकटी शेवटी घालायची, डबी कोरडी हवी, खुणेच्या वर नाही, दार लावताना फटीतून पाहायचं. मावशींना वाचून दाखवला. त्यांनी पलिता आणि झाऱ्याचं नाव घालायला लावलं. लांब दांडा खाली घसरतो आणि पंखा अडवतो, म्हणाल्या. ते घातलं. परात आता यंत्रात जात नाही. रात्री जेवणं झाली की ती मी हातानं घासतो, आणि ही खुर्ची ओढून शेजारी बसते. "काठाला राहिलं पाहा," म्हणते. कणीक राहिलेली असतेच.